नदीकाठची विसरलेली बाग सापडली आहे. तक्रार करू की नको?

सातपूरकर:

नमस्कार मंडळी. प्रश्न नाशिकचा आहे, पण नदीकाठी राहणाऱ्या कोणालाही उत्तर ठाऊक असू शकतं, म्हणून इथे विचारतोय. थोडं सविस्तर लिहितो.

पावसाळा संपल्यावर आम्ही गंगापूर रोडच्या बाजूला राहायला आलो. शनिवारी मला कंपनीला सुट्टी असते आणि लेक पहिलीत आहे, तिचीही शाळा नसते. तिची आई त्या दिवशी कामावर जाते. मग सकाळी आम्ही दोघंच चालायला निघतो. डावीकडे वळायचं की उजवीकडे, हे लेकीने सांगायचं असा आमचा नियम आहे. परवा ती दोन सोसायट्यांच्या भिंतींमधल्या एका बोळात शिरली. मला तो बोळ बंद असेल असं वाटलं होतं. टोकाला एक लोखंडी फाटक होतं, खालचा निम्मा भाग गाळात रुतलेला. ते ना उघडत होतं ना बंद होत होतं. लेक बाजूच्या फटीतून आत गेली, मी अंग चोरून तिच्या मागे गेलो. समोर गोदावरी.

जागा आनंदवली ते रामवाडी या पट्ट्यात आहे, एवढंच सांगतो. नेमकी खूण मुद्दाम देत नाही. का, ते पुढे येईल.

ही एकेकाळची बाग आहे. सिमेंटची बाकं आहेत, त्यातलं एक नदीकडे कललंय. फायबरची घसरगुंडी आहे, तिच्या पायथ्याशी वाळलेला गाळ इतका की घसरणारं मूल मध्येच थांबेल. झोपाळ्याची कमान उभी आहे, साखळ्या नाहीत. नदीच्या बाजूचं रेलिंग कापून नेलंय, फक्त बुडखे उरलेत. दिव्यांचे खांब आहेत, दिवे नाहीत. खांबांच्या तळाशी वायरींची झाकणंही नाहीत, आणि त्या वायरी बरोबर सहा वर्षांच्या मुलाच्या हाताच्या उंचीवर आहेत. वीज सुरू आहे का माहीत नाही, मी तिला लांबच ठेवलं.

गंजलेली एक पाटी होती. लेक सध्या दिसेल ते वाचत सुटते. 'फुले तोडू नये' हे तिने एकेक अक्षर लावून वाचलं, आणि मग फुलं शोधायला निघाली. तिला ती सापडलीही. रुईची. पाटीच्या मागे रुईचं रान माजलंय आणि पानापानावर काळ्या-पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांच्या अळ्या होत्या. तिने त्या मोजायला घेतल्या आणि मोजता मोजता आकडे संपले, कारण तिला अजून पन्नासच्या पुढे नीट येत नाही.

मग तिने वर पाहिलं आणि विचारलं, "बाबा, झाडावर कपडे कोणी वाळत घातले?" करंजाच्या फांद्यांत, माझ्या डोक्याच्या बऱ्याच वर, साडीची फाटकी काठं, प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि निर्माल्याचे दोरे अडकले होते. पुराचं पाणी तिथवर आलं होतं. मी तिला सांगितलं की नदी एकदा इथे उभी होती. तिने माझ्याकडे, फांदीकडे आणि खाली वाहणाऱ्या पाण्याकडे आळीपाळीने पाहिलं, आणि बाकावर चढून हात उंच करून पाणी आपल्या कुठपर्यंत आलं असतं ते मोजत बसली.

एक मावशी रुईची पानं खुडत होत्या. शनिवार असल्यामुळे मारुतीच्या देवळाबाहेर माळा करून विकतात. त्यांनी लेकीला दाखवलं की अळी बसलेलं पान त्या घेत नाहीत, बाजूचं घेतात. पहाटे त्या आणि संध्याकाळी दारू पिणारी काही मुलं, याखेरीज इकडे कोणी येत नाही असं म्हणाल्या. बाटल्यांच्या काचा मला दिसल्याच.

आता प्रश्न. लेकीला तिथे परत जायचंय. मलाही जायचंय, कारण आमच्या वस्तीत तिला मातीत हात घालता येईल अशी दुसरी जागाच नाही. पण काचा, वायरी, तुटलेलं रेलिंग आणि खाली खोल पाणी हे सगळं तसंच ठेवून लहान मुलांना तिथे नेणं बरोबर नाही. तक्रार केली तर काय होईल, याची मला दुसऱ्या बाजूने भीती आहे. आमच्या जुन्या घराजवळच्या एका बागेबद्दल लोकांनी सह्या गोळा केल्या. वर्षभराने जेसीबी आला, झुडपं, वेली, मोठी झाडंसुद्धा साफ झाली, सगळीकडे ब्लॉक बसले, मध्ये विकतची हिरवळ आणि फायबरचा हत्ती. त्या बागेत आता उन्हात उभं राहवत नाही. सिंहस्थ २०२७ मध्ये आहे, नदीकाठी कामं निघणारच. या बागेचं नाव कागदावर आलं की तीही त्या यादीत जाईल, असं मनात येतं.

तर तक्रार करू की गप्प राहून आपणच काचा उचलू? कोणी अशा कामातून गेलं असेल तर सांगा. आणि त्या अळ्या कसल्या, हे लेकीने विचारायला सांगितलंय.

---

जुनी_नाशिककर:

सातपूरकर, मी सत्तरी ओलांडलेली बाई आहे, टाइप करायला वेळ लागतो, पण हे वाचून राहवलं नाही.

तुम्ही सांगता ती बाग कुठली ते मी ओळखलं. नाव मीही घेत नाही. ती नवी झाली तेव्हा आम्ही दोघं रोज संध्याकाळी जायचो. यजमानांना गुडघ्यांमुळे फार चालवत नसे, ते बाकावर बसत, मी चार फेऱ्या मारत असे. गुलाबाचे वाफे होते, कारंजं होतं. कारंजं फार दिवस चाललं नाही. तुमच्या लेकीने वाचलेली पाटी त्या वाफ्यांची.

पहिला गाळ २००८ च्या पुरात आला. तो काढला, पुन्हा हिरवळ लावली. मग २०१६ चा ऑगस्ट. त्या पुराने वाफे, हिरवळ, रेलिंग, सगळं नेलं. त्यानंतर थोडीफार डागडुजी झाली आणि २०१९ ला पाणी पुन्हा आलं. पुढे कोणी आलं नाही. मी तरी पाहिलं नाही.

आम्ही नाशिकचे लोक नदीला गंगाच म्हणतो, आणि गंगेला किती पाणी आलं ते रामकुंडाजवळ पात्रात उभ्या असलेल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला विचारतो. मारुतीच्या गुडघ्याला पाणी, कमरेला पाणी, छातीला पाणी. लहानपणी वडील सायकलवरून पाहून यायचे आणि घरात येऊन एवढंच सांगायचे, "कमरेला आहे." तेवढ्यावरून आईला कळायचं की सराफ बाजार, भांडी बाजाराकडच्या नातेवाइकांचं सामान वर न्यायला माणसं पाठवायची का. १९६९ चा पूर मी शाळकरी असताना पाहिला. आमच्या घरातली सगळी माणसं गंगेकाठच्या नारोशंकर देवळाच्या घंटेबद्दल, पाणी तिथवर चढण्याबद्दल बोलत होती. २०१६ आणि २०१९ ला मारुतीच्या छातीच्या वर पाणी चढलं, तेव्हा तुमच्या त्या बागेत काय झालं असेल याचा अंदाज करा. मारुती खालच्या अंगाला, बाग वरच्या अंगाला, पण पाणी तेच.

सांगायचं हे की ही बाग कोणाच्या आळसामुळेच गेली असं नाही. तिथे गुलाब लावणं हेच गंगेला न विचारता केलेलं काम होतं. त्याआधी त्या काठावर काय होतं ते मला आठवतं. मळे होते. वांगी, मेथी, कोथिंबीर. पूर आला की मळेवाले म्हणायचे, यंदाचं पीक गेलं, पण पुढच्या वर्षीचं खत आलं. उंबराची आणि जांभळाची मोठी झाडं होती, आणि पाण्याच्या कडेला लवचिक फांद्यांची झाडं, पूर आला की ती आडवी व्हायची आणि उतरला की परत उभी. त्याचं नाव इथलं कोणी जाणकार सांगेल.

तक्रार करा. पण 'बाग सुशोभित करा' असं लिहू नका. काय हवं ते तुम्ही सांगा, नाहीतर ते ठरवतील.

---

ओवीची_आई:

माझं मत जरा वेगळं आहे, राग मानू नका.

मी त्याच भागात राहते. त्या बोळात मी एकटी कधी जाणार नाही आणि ओवीला तर नाहीच. उंच गवत, काचा, संध्याकाळी टोळकी. शिवाय गेल्या काही वर्षांत या बाजूला बिबट्या दिसल्याच्या बातम्या किती येतात ते नाशिककरांना सांगायला नको. नदीकाठची झाडी म्हणजे त्याचा येण्याजाण्याचा रस्ताच. वडिलांनी सुट्टीच्या सकाळी लेकीला नेणं वेगळं, आणि एका बाईने रोज पाळण्यातलं मूल घेऊन, सोबत काठी टेकणाऱ्या सासूबाई घेऊन जाणं वेगळं. माझ्या सासूबाईंना ती नदी खिडकीतून दिसते आणि तिथवर जायला धड पायवाट नाही. सपाट रस्ता, चालू दिवे, आत-बाहेर जायला दोन मोकळी फाटकं, एवढं तरी हवंच. ब्लॉक बसवले म्हणून मी तक्रार करणार नाही.

---

वाळुंज:

सातपूरकर, आधी तुमच्या लेकीच्या प्रश्नाचं उत्तर, कारण तोच सगळ्यात नेमका प्रश्न आहे.

त्या अळ्या बहुधा बिबळ्या कडवा या फुलपाखराच्या. नारिंगी पंख, कडेला काळा पट्टा आणि त्यात पांढरे ठिपके असं फुलपाखरू तिथे उडताना दिसलंच असेल. तिला सांगा, अळीच्या पाठीवर काळ्या शिंगांसारख्या तंतूंच्या जोड्या मोजायच्या. तीन जोड्या असतील तर तीच. या अळ्या रुईच्या कुळातल्या झाडांवर वाढतात. रुईच्या चिकात विषारी द्रव्यं असतात, ती अळी स्वतःच्या अंगात साठवते, म्हणून पक्षी तिच्या वाटेला जात नाहीत. मोठं फुलपाखरू झाल्यावरही ते कडूच राहतं. पट्टे आणि भडक रंग ही पक्ष्यांसाठी सूचना आहे. पुढच्या वेळी पानांच्या खाली हिरवट किंवा गुलाबीसर कोष लटकलेले दिसतात का पाहा. एक काळजी मात्र घ्या. रुईचं पान तोडल्यावर येणारा चीक डोळ्यात गेला तर डोळ्याला गंभीर इजा होऊ शकते. मुलीने पान तोडायचं नाही, हात लागला तर आधी हात धुवायचे, मग डोळे चोळायचे. माळा करणाऱ्या मावशींना हे आपल्यापेक्षा जास्त माहीत असणार.

जुनी_नाशिककर आजींनी वर्णन केलेलं झाड म्हणजे वाळुंज. माझं इथलं नाव त्याचंच. आपल्याकडच्या नद्यांच्या काठचं हे मूळचं झाड. पानं लांब, अरुंद, खालून पांढुरकी. हिवाळ्याच्या सुरुवातीला झुबक्यांसारखे फुलोरे येतात आणि त्यावर मधमाश्या असतात. त्याची मुळं काठ धरून ठेवतात आणि फांद्या वाकतात, मोडत नाहीत. फांदी ओल्या मातीत खोचली तरी रुजते, त्यामुळे लावायला खर्च जवळजवळ नाही. गोदेच्या काठाने शहरातून चालत जा, भिंती आणि घाट झालेल्या भागात ते दिसेनासं होतं.

तिथे उगवलेलं सगळंच चांगलं आहे असंही मी म्हणणार नाही. सुबाबूळ असेल तर ती काढायला हवी. शेंगांतून इतकं बी पडतं की काही वर्षांत दुसरं काही उगवू देत नाही. गाजरगवत फुलावर येण्याआधी उपटायला हवं, हातमोजे घालून, कारण त्याने अनेकांना त्वचेचा आणि श्वासाचा त्रास होतो. घाणेरी आणि पाण्याच्या कडेची बेशरमही तशीच. बेशरमीची निळसर-गुलाबी फुलं छान दिसतात, पण शेळ्यांना ती विषारी आहे. आणि नदीत पानवेली साचल्या असतील तर तो बागेचा प्रश्नच नाही. पाण्यात सांडपाणी येतंय, त्यातल्या नत्र-स्फुरदावर त्या पोसतात. वर कितीही वेळा काढल्या तरी सांडपाणी थांबेपर्यंत परत येणार.

ठेवायचं ते हे: करंज, उंबर, जांभूळ, वाळुंज, एका कोपऱ्यात रुईचं रान, आणि पाण्यालगत पाणकणसाची पट्टी असेल तर ती. पाणकणसात जांभळ्या पाणकोंबड्या राहतात. काठाच्या दगडांवर आत्ता हिवाळ्यात शेपटी हलवणारे धोबी येत असतील. खंड्या तर दिसणारच, त्याला काठाच्या उभ्या मातीत बीळ करून अंडी घालायला जागा लागते. दगडी भिंत बांधली की ती जागा जाते. लोक विचारतात, खंड्या कुठे गेले? भिंतीत बीळ होत नाही, म्हणून गेले.

ओवीच्या आईंचं म्हणणं मी पूर्ण मान्य करतो. पायवाट हवीच. पण पायवाट आणि सगळी जमीन ब्लॉकने झाकणं या दोन गोष्टी आहेत. आणि गवताबद्दल: वाटेच्या दोन्ही बाजूंना गवत अगदी आखूड कापलेलं ठेवा, म्हणजे घोणस असली तर आधी दिसण्याची शक्यता वाढते. आपल्या भागात घोणस वाळलेल्या पाल्यात बसते, आणि बहुतेकदा पाय पडला किंवा कोणी फार जवळ गेलं की चावते. तरी कोणाला चावलीच तर आवळून बांधणं, चिरा देणं, तोंडाने ओढणं यातलं काही करू नका. माणसाला न चालवता सरळ मोठ्या सरकारी रुग्णालयात न्या. आपल्याकडे मिळणारं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही सापांवर चालतं, साप पकडून न्यायची गरज नसते.

---

सातपूरकर:

सगळ्यांचे मनापासून आभार. लेकीला तीन जोड्यांचं सांगितलं, तिने ते हातावर पेनने लिहून ठेवलंय.

ओवीची आई, राग कसला. तुम्ही लिहिलेलं वाचून मी बायकोशी बोललो. ती म्हणाली, "मीही तिथे एकटी जाणार नाही." मी सकाळी जाऊ शकतो म्हणून ती जागा सगळ्यांसाठी ठीक आहे असं होत नाही. मला पायवाट हवी आहे, दिवेही हवेत. मला जेसीबी नको आहे. या दोन्ही गोष्टी एका अर्जात कशा मांडायच्या? कोणाला अशा कागदांचा अनुभव आहे का?

---

पाटकरी:

मी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालो. कागदांचा अनुभव हाच माझा आयुष्यभराचा अनुभव, म्हणून थोडं लिहितो.

पहिली गोष्ट, ती जागा पूररेषेत कुठे आहे ते पाहा. शहराच्या विकास आराखड्यात नदीच्या दोन्ही बाजूंना दोन रेषा असतात. २५ वर्षांतून एकदा येऊ शकेल अशा पुराची निळी, १०० वर्षांतून एकदा येऊ शकेल अशा पुराची लाल. निळ्या रेषेच्या आतली जमीन निषिद्ध क्षेत्र. तिथे इमारत उभी करायची नसते. बाग, मैदान असे मोकळे वापर चालतात. तुमच्या लेकीला फांदीवर कपडे दिसले त्यावरून ही जागा निळ्या रेषेच्या आत असणार हे उघड आहे.

'२५ वर्षांतून एकदा' याचा अर्थ लोक चुकीचा घेतात. एकदा पूर आला की पुढची २५ वर्षं सुट्टी, असं नसतं. दर वर्षी ४ टक्के शक्यता असते, आणि ती प्रत्येक पावसाळ्यात नव्याने असते. गणित केलं तर १५ वर्षांत असा पूर एकदा तरी येण्याची शक्यता जवळपास निम्मी निघते. म्हणजे निळ्या रेषेच्या आत १५ वर्षं टिकावी अशा हिशोबाने हिरवळ, कारंजं आणि फायबरची खेळणी बसवली, तर ती वाहून जाण्यावर निम्मी पैज लागलेली असते. आजींनी सांगितलेला २००८, २०१६, २०१९ हा क्रम त्याहूनही वाईट आहे. बरं, हा झाला मोठा पूर. गंगापूर धरण भरलं की दर पावसाळ्यात विसर्ग सोडावा लागतो. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर, आणि विसर्ग हजारो क्युसेकने होतो. होळकर पुलाखालून किती पाणी जातंय याची बातमी लोक वाचतात ती त्यासाठीच. काठच्या खालच्या टप्प्यावर पाणी चढायला मोठा पूर लागतच नाही.

त्यामुळे अर्जात मागायचं ते पुरात टिकणारं मागा. वरच्या टप्प्यावर, लाल रेषेकडच्या बाजूला, सपाट पायवाट, दिवे, बाकं. ओवीच्या आजींना नदी दिसेल अशी जागा तिथेच. दिव्यांची जोडणीपेटी पुराच्या पातळीच्या वर घ्यायला सांगा, हे कायम विसरलं जातं. खालच्या टप्प्यावर झाडं, गवत आणि दगडी पायऱ्या, बाकी काही नाही. पूर आला तर गाळ बसेल, तो पायऱ्यांवरून फावड्याने ओढला की झालं. झोपाळा हवा असेल तर लोखंडी कमान खोल पायावर, आणि साखळ्या जूनमध्ये काढून दिवाळीनंतर लावायच्या. पाळणेवाले हेच करतात.

दुसरी गोष्ट झाडांची. शहरी भागातल्या झाडांसाठी १९७५ चा राज्याचा कायदा आहे. वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही, आणि तोडण्याआधी सूचना लावून हरकती मागवाव्या लागतात. २०२१ च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षांवरच्या झाडांना वेगळं संरक्षण आहे. म्हणून आत्ताच, काही निघायच्या आधी, तिथल्या प्रत्येक मोठ्या झाडाचा फोटो काढा, बुंध्याचा घेर टेपने मोजा आणि यादी करा. छातीच्या उंचीवर मोजायचं. लेकीला टेपचं एक टोक धरायला द्या. यादीची प्रत अर्जाला जोडा. कागदावर असलेलं झाड तोडायला दोनदा विचार होतो. झाडांची नोंद नसलेली जमीन 'मोकळी' समजली जाते, मी हे नकाशांवर फार पाहिलंय. तुम्ही नाव लपवून बाग वाचेल असं समजू नका. नकाशावर ती आहेच, फक्त रिकामी आहे.

तिसरं. दिव्यांच्या खांबांच्या उघड्या वायरी आणि नसलेलं रेलिंग यासाठी अर्जाची वाट पाहू नका. फोटो, खांबाचा क्रमांक असेल तर तो, आणि जवळची खूण देऊन आजच महापालिकेच्या विद्युत विभागाकडे तक्रार नोंदवा, तक्रार क्रमांक घ्या. पावसात अशा खांबाला हात लागून माणसं गेली आहेत.

---

ओवीची_आई:

वरच्या टप्प्यावर पायवाट आणि खाली झाडं, हे मला पटलं. मी असा विचारच केला नव्हता. सातपूरकर, सह्या लागतील तर आमच्या सोसायटीतून मी गोळा करते. बायकांच्या सह्या जास्त असू द्या. आणि फाटक एकच ठेवू नका, दोन हवीत. एकच फाटक असलं की आत कोणी बसलंय हे कळल्यावर माणूस वळतो आणि पुन्हा येत नाही.

---

सातपूरकर:

वायरींची तक्रार काल नोंदवली. क्रमांक मिळाला.

झाडांची यादी येत्या शनिवारी करतो, टेप आणलाय. वाळुंज ओळखता आलं नाही तर फोटो टाकीन.

मागणीच्या अर्जाआधी या जागेचं महापालिकेकडे काय चाललंय ते कळावं, म्हणून माहिती अधिकाराचा अर्ज असा लिहिलाय, सांगा बरोबर आहे का:

"अमुक सर्व्हे नंबरमधील नदीकाठच्या उद्यानाची दुरवस्था का झाली? २०१६ च्या पुरानंतर दुरुस्ती का झाली नाही? सिंहस्थाच्या कामांत या जागेवर काय करणार आहात? येथील झाडे तोडणार का? पायवाट व दिवे कधी करणार?"

---

पाटकरी:

असा दिलात तर उत्तर येईल, 'प्रश्न माहितीच्या व्याख्येत बसत नाही.' 'का' आणि 'कधी' विचारायचं नाही. कागद मागायचा. तो त्यांच्याकडे आहे किंवा नाही, दोन्ही उत्तरं तुमच्या उपयोगाची. आणि आपल्या राज्याच्या नियमांत २०१२ पासून एका अर्जात एकच विषय, १५० शब्दांच्या आत. म्हणून दोन अर्ज करा.

पहिला असा: "सदर उद्यानाच्या देखभालीवर २०१६ पासून आजपर्यंत झालेल्या खर्चाचा वर्षवार तपशील, कामाचे आदेश आणि मोजमाप पुस्तिकेच्या संबंधित पानांच्या प्रती मिळाव्यात."

दुसरा: "सदर जागेसाठी सध्या मंजूर किंवा प्रस्तावित असलेल्या कामांचे अंदाजपत्रक, आराखडा, त्यावर दर्शवलेली निळी व लाल पूररेषा, आणि वृक्षगणनेतील या जागेच्या नोंदीची प्रत मिळावी."

प्रत्येक अर्जावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, जन माहिती अधिकाऱ्याच्या नावे, पोच घेऊन द्या. ३० दिवसांत उत्तर यायला हवं. नाही आलं तर पहिलं अपील त्याच कार्यालयातल्या वरिष्ठांकडे.

आणि मागणीचा अर्ज, सह्यांचा, तो वेगळा. तो आराखडा हातात आल्यावर लिहा. आराखड्यात निळ्या रेषेच्या आत ब्लॉक आणि कारंजं दाखवलेलं असेल तर त्याच नकाशावर लाल पेनने आपल्या पायवाटेची रेघ ओढून जोडा. नुसत्या मजकुरापेक्षा नकाशावरची रेघ अभियंता नक्की पाहतो. मसुदा इथे टाका, मी वाचून देतो.